चित्राच्या पलीकडची चाकं

आगगाडीवरच्या चित्रपुस्तकांचे माझ्या लेखी दोनच प्रकार. एकात इंजिनाला डोळे असतात, दुसऱ्यात नसतात. डोळेवालं इंजिन रुसतं, हसतं, चढावर धापा टाकतं आणि शेवटच्या पानावर सगळ्यांची शाबासकी मिळवतं. मुलांना ते आवडतं यात वाद नाही, आणि मलाही त्याचं वावडं नाही. पण वर्गात न्यायचं पुस्तक निवडायची वेळ आली की माझा हात बिनडोळ्यांच्या पुस्तकाकडे जातो. कारण साधं आहे. चेहरा काढायचा तर तो इंजिनाच्या समोरच्या गोल झाकणावर काढावा लागतो, आणि ते झाकण म्हणजे खरं तर एक दार. त्या दारामागे धूरपेटी असते. भट्टीतून नळ्यांवाटे ओढली गेलेली राख तिथे साठते आणि काम संपल्यावर दार उघडून ती फावड्याने उपसावी लागते. चेहरा आला की हे दार जातं. इंजिनाला स्वभाव मिळतो, पण पोट नाहीसं होतं.

मी खालच्या वर्गांना शिकवते. वाफेच्या आगगाडीचं असंच एक बिनडोळ्यांचं चित्रपुस्तक मी वर्गात नेलं ते भाषेच्या तासासाठी. प्रत्येक पानावर दोन-तीन ओळींचा मजकूर, बाकी सगळं चित्र. गाडी पहाटे शेडमधून निघते, पाणी भरते, डबे जोडून घेते, पूल, बोगदा, चढ, उतार, स्टेशन. वाचून दाखवायला दहा मिनिटं पुरेत. पण दहा मिनिटांत ते वाचून संपवणारी व्यक्ती एकटी मीच असते. मुलं तेव्हा पहिल्याच पानावर शेडच्या कोपऱ्यात झोपलेल्या मांजरापाशी असतात.

याला शास्त्राचाही दुजोरा आहे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या एका अभ्यासात, मोठी माणसं पुस्तक वाचून दाखवत असताना चार-पाच वर्षांच्या मुलांची नजर पानावर कुठे फिरते, हे यंत्राने टिपलं होतं. अक्षरांकडे मुलं जवळजवळ पाहतच नव्हती. आपण ओळीवर बोट फिरवत राहतो आणि मुलं शांतपणे दुसरंच पुस्तक वाचत असतात. म्हणून मी पहिल्या दिवशी मजकुरावर कागदाची पट्टी लावते. आधी त्यांचं पुस्तक, मग माझं.

प्रश्न विचारण्याचीही एक पद्धत आहे. ‘हे काय आहे?’ असं विचारलं की ‘चाक’ एवढंच उत्तर येतं आणि संवाद तिथेच संपतो. ‘इथे काय चाललंय?’ म्हटलं की वर्ग बोलू लागतो. अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली हेच पालकांना शिकवून पाहिलं होतं. मुलांनी सांगायचं, मोठ्यांनी विचारायचं आणि मुलांचं वाक्य थोडं वाढवून परत द्यायचं. महिनाभरात ती मुलं बोलण्यात पुढे गेलेली दिसली. हे वाचायच्या आधी बऱ्याच शिक्षिका असंच करत असणार, पण आकड्यांचा आधार मिळाला की मुख्याध्यापकांसमोर बोलायला बरं पडतं.

आता चाकं. आमच्या पुस्तकातलं इंजिन बाजूने काढलेलं आहे. पुढे दोन लहान चाकं, मध्ये तीन मोठी, मागे एक लहान. मुलांनी मोजली, सहा झाली. फळ्यावर सहा लिहिलं आणि मी गप्प बसले. थोड्या वेळाने मागच्या बाकावरून आवाज आला, “बाई, मग ते पडेल ना!” एका बाजूलाच चाकं असलेलं इंजिन उभं कसं राहील, हा त्याचा मुद्दा. पुढची पाच मिनिटं वर्गात गोंधळ होता, कारण निम्म्या मुलांना जे चित्रात नाही ते मोजणं म्हणजे लबाडी वाटत होती. “दिसत नाहीत तर आहेत कशावरून?” हा प्रश्न एका मुलीने इतका गंभीरपणे विचारला की मला तो गणिताच्या तासापुरता ठेवावासा वाटेना. शेवटी मतदान न घेता, पडण्याच्या मुद्द्यावर, बारा चाकं मंजूर झाली.

मग मी त्यांना सांगितलं की मोठी माणसंही हीच चाकं मोजून इंजिनांना ओळखतात. फ्रेडरिक व्हाइट नावाच्या अभियंत्याच्या पद्धतीत दोन्ही बाजूंची चाकं धरतात, म्हणून आमचं इंजिन ४-६-२. फ्रान्समध्ये चाकं न मोजता आस, म्हणजे समोरासमोरच्या दोन चाकांना जोडणारे कणे मोजतात, म्हणून तेच इंजिन तिथे २३१. म्हणजे पहिल्यांदा सहा म्हणणारी मुलंही तशी फ्रान्सच्या बाजूने बरोबर होती, आणि हे ऐकल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहण्यासारखं होतं. मागे जोडलेल्या टेंडरची, म्हणजे कोळसा-पाण्याच्या गाड्याची चाकं मात्र दोन्ही पद्धतींत धरत नाहीत. हा अन्याय आहे असं वर्गाचं मत पडलं. माझंही.

वाफेच्या इंजिनाचं चित्र वर्गात इतकं उपयोगी का पडतं, यावर मी बराच विचार केला आहे. हल्लीच्या मुलांनी ते धावताना पाहिलेलं नसतं, म्हणून ते जुनंपुराणं, गोष्टीतलं, हौसेचं, असा एक सूर असतो. मला वाटतं, न पाहिलेलं असणं हाच फायदा आहे. पाहिलेल्या गोष्टीचं चित्र मुलं ओळखतात आणि पान उलटतात. न पाहिलेल्या गोष्टीचं चित्र त्यांना निरखावं लागतं. शिवाय हे यंत्र आपलं बरंचसं काम अंगाबाहेर करतं. विजेच्या इंजिनाचं कितीही सुंदर चित्र काढा, ती खिडक्या असलेली एक पेटीच असते. ती का चालते याचा एकही पुरावा चित्रात सापडत नाही. इथे कोळसा दिसतो, ज्वाळा दिसते, नळ दिसतात, दांडे दिसतात. पुरावे बाहेर पडलेले आहेत आणि गुन्हा तेवढा आत घडला आहे. मुलांना असली प्रकरणं फार आवडतात.

उदाहरणार्थ, बॉयलरच्या पाठीवरचे उंचवटे. “ही उंटासारखी कुबडं कशाला?” असा प्रश्न आला. एकात बॉयलरमधली कोरडी वाफ वरच्या वर गोळा होते, हे कळायला जरा जड गेलं. पण काही इंजिनांत दुसऱ्या उंचवट्यात चक्क वाळू भरलेली असते आणि रूळ ओले असले, चाकं घसरू लागली की ती नळीवाटे रुळावर सोडतात, हे सांगितल्यावर वर्गाने बाकी सगळं बाजूला ठेवलं. चित्रात ती बारीक नळी चाकापर्यंत खरोखर आलेली होती. चित्रकाराने ती काढली होती आणि मजकुरात तिचा उल्लेखही नव्हता. त्या नळीसाठी मी या चित्रकाराला बाकीचे बरेच गुन्हे माफ करायला तयार आहे.

गुन्हे आहेतच. धूर सगळ्या पानांवर एकाच रंगाचा, कापसासारखा पांढरा. खरं तर धुराड्यातून दोन गोष्टी एकत्र बाहेर पडतात: कोळशाचा धूर आणि काम करून दमलेली वाफ. आणि वाफ म्हणून आपण जे पांढरं दाखवतो ती वाफ नसतेच, ते थंड होऊन बनलेले पाण्याचे बारीक थेंब असतात. खरी वाफ दिसत नाही. उकळत्या पाण्याच्या भांड्याच्या तोटीपाशी नीट पाहिलं तर तोटी आणि पांढरा ढग यांच्या मध्ये थोडी मोकळी जागा दिसते. तिथे काहीच नाही असं वाटतं, पण वाफ तिथेच आहे. मी हे वर्गात दाखवते, मुलांना लांब बसवून, भांडं माझ्या हातात ठेवून. त्यानंतर मुलांनी काढलेल्या चित्रांत धुराडं आणि ढग यांच्यामध्ये एक फट आली. चित्र पाहणाऱ्या पालकांना वाटलं असेल की रंगवायचं राहिलं.

पाण्याची वाफ झाली की ती उघड्या हवेत १६०० पटींहून जास्त जागा मागते. ही जागा दिली नाही तर ती ढकलते. एवढं एक वाक्य कळलं की बाकीचं इंजिन म्हणजे त्या ढकलण्याला वळण लावण्याची व्यवस्था. सिलिंडरमध्ये दट्ट्याला, म्हणजे पिस्टनला, आधी एका बाजूने ढकलायचं, मग दुसऱ्या बाजूने. दट्ट्या पुढे-मागे होतो, त्याला जोडलेला दांडा चाकावरच्या खुंटीला फिरवतो.

आवाजाचं प्रकरण मला सगळ्यांत आवडतं आणि इथे भाषेचा तास पुन्हा हातात येतो. काम झालेली वाफ धुराड्यात सोडतात, तेव्हा दर खेपेला एक धक्का बसतो आणि ‘झुक’ ऐकू येतं. दोन सिलिंडर, प्रत्येकात दोन्ही बाजूंनी ढकलणं, म्हणजे मोठ्या चाकाच्या एका फेरीत चार झुक. हे कळेपर्यंत मुलं ‘झुकझुक झुकझुक’ एकाच चालीत म्हणत होती. मग आम्ही वरच्या वर्गातल्या मुलांना हिशोबाला बोलावलं. चाक दीड मीटर व्यासाचं धरलं तर त्याचा घेर साधारण ४.७ मीटर. माणसाच्या चालीने, ताशी ५ किलोमीटरने, गाडी निघाली तर सेकंदाला एकाहून थोडे जास्त झुक होतात. ताशी ६० किलोमीटरला सेकंदाला चौदा. चौदा झुक सेकंदात कुणाच्याही जिभेला झेपत नाहीत आणि कानालाही ते सुटे ऐकू येत नाहीत; त्यांची घरघर होते.

म्हणून आमच्या वाचनात गाडी सुटतानाच्या पानावर प्रत्येक शब्दानंतर लांब थांबा आला. पुलाच्या पानावर शब्द एकमेकांना चिकटले. सपाटीवरच्या पानावर शब्दच नाहीत, सगळ्या वर्गाने ओठ मिटून केलेला घुमणारा आवाज. चढावर पुन्हा झुक सुटे झाले, पण आता जोरकस, कारण ओझं ओढायला दर धक्क्याला वाफ जास्त लागते. अडखळत वाचणारी दोन मुलं सुटण्याच्या पानावर अगदी शोभून दिसली. तिथे अडखळणंच बरोबर होतं. हे मी आधी ठरवलेलं नव्हतं, पण त्यानंतर ते पान कुणाला द्यायचं हे मी मुद्दाम ठरवते.

ह्या धक्क्यांना आणखी एक काम आहे. धुराड्यातून वर उसळणारी वाफ आपल्याबरोबर हवा ओढून नेते, त्यामुळे भट्टीतून हवा जोरात खेचली जाते आणि आग पेटती राहते. इंजिन जितकं जास्त काम करतं तितकी त्याची आग आपोआप फुलते. मोठ्या माणसांना हे सांगितलं की तेही क्षणभर थांबतात.

इतिहास मी थोडक्यात उरकते, कारण खालच्या वर्गांना शंभर वर्षं आणि हजार वर्षं यांत फारसा फरक वाटत नाही. तरी रिचर्ड ट्रेव्हिथिकची गोष्ट सांगतेच. २१ फेब्रुवारी १८०४ ला वेल्समध्ये त्याच्या इंजिनाने १० टन लोखंड आणि ७० माणसं सुमारे १५ किलोमीटर ओढून नेली. वेळ लागला चार तासांहून थोडा जास्त, वाटेतली झाडं तोडत आणि दगड हटवत. “मग चालत का नाही गेले?” असं मुलं विचारतात. रूळही त्या वजनाने मोडत होते. पुढे १८२९ साली इंग्लंडमधल्या रेनहिलला झालेल्या इंजिनांच्या शर्यतीत रॉबर्ट स्टीफन्सनचं ‘रॉकेट’ जिंकलं, त्याच्या बॉयलरमध्ये तांब्याच्या २५ नळ्या होत्या. एका मोठ्या नळाऐवजी अनेक बारीक नळ्यांतून गरम धूर नेला की पाण्याला उष्णता जास्त ठिकाणी भेटते. आमच्या पुस्तकात बॉयलर कापून दाखवलेलं एक पान आहे, त्यातल्या नळ्या मोजायला मुलं आपण होऊन बसतात.

किटलीचं झाकण उडताना पाहून जेम्स वॅटला वाफेचं इंजिन सुचलं, ही गोष्ट मात्र मी सांगत नाही. थॉमस न्यूकमेनचं वाफेचं इंजिन १७१२ पासून खाणीतलं पाणी उपसत होतं, तेव्हा वॅटचा जन्मही झाला नव्हता. वॅटने केलं ते त्याहून कठीण काम: दुरुस्तीला आलेल्या न्यूकमेनच्या इंजिनाचा नमुना पाहून यात वाफ वाया कुठे जाते, हे त्याने शोधलं. आणि गंमत म्हणजे आगगाडीला लागते तशी जास्त दाबाची वाफ वॅटला धोक्याची वाटत असे, तो तिच्या विरोधातच होता. किटलीच्या गोष्टीतून मुलांना कळतं की हुशार मुलगा एकदा बघतो आणि त्याला सुचतं. वर्गात जे रोज घडतं त्याच्याशी याचा काही संबंध नाही.

पुस्तकातला ड्रायव्हर खिडकीतून हात हलवतो. जवळजवळ प्रत्येक आगगाडीच्या पुस्तकात हलवतो. त्याच्या मागे कोण आहे, असं मी विचारते. पहिल्यांदा कुणालाच कोणी दिसत नाही. मग वाकलेली पाठ सापडते. फायरमन. बाकी पानांवर तोही नाही, पण फावडं आहे, टेंडरमधला ढीग पानागणिक उतरलेला आहे, म्हणजे तो आहेच. मॅलार्ड नावाच्या इंजिनाने ३ जुलै १९३८ रोजी ताशी २०३ किलोमीटरचा वेग गाठला. वाफेच्या इंजिनाचा तो विक्रम आजही टिकून आहे. अशा इंजिनांच्या टेंडरमध्ये ८ टनांच्या आसपास कोळसा आणि २२ हजार लिटरांहून जास्त पाणी मावत असे. कोळसा जास्त लागत असेल असं मुलांना वाटतं, पण पाण्याची तहान त्याहून मोठी. म्हणून काही मार्गांवर दोन रुळांच्या मधोमध लांबलचक हौद बांधलेले असत आणि धावत्या गाडीतून खाली पन्हळ सोडून पाणी उचलत. लंडन ते एडिंबरा ही गाडी १९२८ पासून वाटेत न थांबता जायची, तर तिच्या टेंडरमधून एक अरुंद बोळ काढला होता. अर्ध्या वाटेत दमलेले ड्रायव्हर-फायरमन त्या बोळातून डब्यात यायचे आणि ताजे दोघे पुढे जायचे. कोळशाच्या ढिगाला लागून काढलेला बोळ ही कल्पना मुलांना इतकी भावली की आमच्या मालगाडीच्या चित्रांतही वाघिणीवाघिणीतून बोळ निघाले.

चित्र पाहायचंच आहे तर इंग्रज चित्रकार टर्नरचंही दाखवते. लंडनच्या नॅशनल गॅलरीत असलेलं, १८४४ सालचं, पाऊस आणि वाफेतून पुलावर येणाऱ्या गाडीचं. त्यात इंजिनाचे भाग मोजता येत नाहीत, चाकं तर नाहीतच. गाडीच्या पुढे रुळावर एक ससा धावतोय, तो आता इतका पुसट झालाय की छापलेल्या प्रतीत शोधणं म्हणजे चिकाटीचं काम. मुलं शोधतात. सशाचं पुढे काय झालं, यावर निबंध लिहायला सांगायचा मोह मी आवरते, कारण ते आपण होऊन लिहितात आणि त्यात ससा नेहमी वाचतो.

आता पुठ्ठ्याच्या नमुन्याबद्दल. तीन मोठ्या चाकांना जोडणारा आडवा दांडा चित्राच्या प्रत्येक पानावर रुळाला समांतर आहे. कधी वर, कधी खाली, पण तिरका कधीच नाही. हे आमच्यातल्या एका मुलीने पकडलं, मी नाही. दुसऱ्या एका पुस्तकात तो तिरका काढलेला सापडला, तेव्हा चाकं फिरतील की नाही यावरून वाद झाला आणि वाद मिटवायला पुठ्ठ्याच्या दोन चकत्या, एक पट्टी आणि चार टाचण्या आल्या. एक चकती फिरवली की दुसरी फिरते आणि पट्टी खरंच आडवीच राहते. सगळे खूश. पण फेरीत दोन जागा अशा निघाल्या, जिथे दोन्ही खुंट्या आणि चकत्यांचे मध्य एकाच रेषेत येतात. तिथे आलं की दुसरी चकती कधी अडकायची, तर कधी सरळ उलटी फिरायला लागायची.

आमचा नमुना वाईट, असं बहुतेकांचं मत पडलं. मला ते पटेना, कारण पुठ्ठा, टाचण्या बदलून पाहिल्या तरी तो त्याच दोन जागांवर फसत होता. खऱ्या इंजिनालाही ही अडचण आहे. दट्ट्या अगदी टोकाला पोचला की त्या क्षणी दांडा चाकाला ढकलू शकत नाही, नुसता आसावर दाब देतो. गाडी नेमकी तिथे थांबली तर सुटायची कशी?

उत्तर पुस्तकात नाही. बाजूने काढलेल्या चित्रात ते असूच शकत नाही. पलीकडच्या बाजूच्या खुंट्या पाव फेरीने पुढे किंवा मागे बसवलेल्या असतात. अलीकडची बाजू फसलेली असते तेव्हा पलीकडची पुऱ्या जोरात असते. दोन्ही बाजू एकाच आसाला घट्ट बसवलेल्या, त्यामुळे एक दुसरीला बाहेर काढते, आणि चार झुक सारख्या अंतराने येतात तेही त्यामुळेच. मी हे तोंडी सांगून पाहिलं, फळ्यावर काढून पाहिलं. “दिसत नाहीत तर आहेत कशावरून?” विचारणाऱ्या मुलीने आधी फळ्याकडे पाहिलं आणि मग पुस्तक उलटं धरून पानाच्या मागे पाहिलं. तिथे बोगदा होता.

आता दोन बाजूंचा नमुना करायचं ठरलं आहे. चार चकत्या, दोन पट्ट्या. आसासाठी पेन्सिल घ्यायची की बांबूची काडी, यावर अजून एकमत नाही. पेन्सिल गोल हवी, षट्कोनी चालणार नाही, असा एक गट म्हणतो. दुसऱ्या गटाचं म्हणणं नेमकं उलट आहे: षट्कोनीच हवी, म्हणजे चकत्या तिच्यावर घट्ट बसतील आणि पाव फेरीचा फरक सुटणार नाही. मला दुसरा गट बरोबर वाटतो, पण मी अजून बोललेले नाही.